टाळी केव्हा वाजवावी?

गेल्या वर्षी विद्यापीठाच्या सभागृहात मी पहिल्यांदा पियानोवादन ऐकले. बीथोव्हेनचा 'मूनलाइट' सोनाटा चालू होता. पहिला संथ भाग संपला आणि मी मनापासून टाळी वाजवली. माझी एकट्याचीच! पुढच्या रांगेतल्या माना वळल्या. आपण इथले नव्हेत, असे वाटून उरलेले दोन भाग मी अंग चोरून ऐकले.

पुढे ग्रंथालयात या प्रश्नाचा शोध घेतला. दोन भागांच्या मध्ये टाळी वाजवायची नाही, हा दंडक मुळातला नाही; तो मागाहून रूढ झाला. १८१३ साली व्हिएन्नात बीथोव्हेनची सातवी सिंफनी प्रथम सादर झाली, तेव्हा श्रोत्यांनी तिचा दुसरा भाग पुन्हा वाजवायला लावला होता. म्हणजे मध्येच दाद देणे हे अडाणीपण नव्हे.

मग माझे चुकले नाही काय? चुकले, पण कारण वेगळे. १८०१ साली रचलेल्या या सोनाटात पहिल्या भागाअखेर, न थांबता पुढचा भाग सुरू करावा, अशी सूचना खुद्द बीथोव्हेननेच लिहिली आहे. आपल्याकडे विलंबित ख्यालाला जोडून द्रुत येतो, तसेच हे. संथ, हलका आणि वादळी असे तिन्ही भाग मिळून एकच रचना. माझ्या टाळीने तिचा सांधा निखळला.

रसिकता जन्माने मिळत नाही. ती ऐकून आणि विचारून येते. तेव्हा मित्रहो, चूक होईल या भीतीने अशा कार्यक्रमांना जायचे टाळू नका.