वाढत्या अंगाची सीट नको

आपल्याकडे लेकरांचे कपडे वाढत्या अंगाचे घेतात. गणवेश एक माप मोठा, चपला बोटभर मोठ्या, म्हणजे पुढचं वर्षही निघतं. गाडीतली लेकरांची सीट याच हिशेबाने बदलली तर काय होतं, ते मी अमरावती-अकोला रस्त्यावर मागच्या सीटवर बसून पाहिलं आहे. ज्यांच्या घरी लहान लेकरं आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

हा रस्ता आता पूर्वीचा राहिलेला नाही. खड्डे चुकवत, ट्रकच्या मागे रांग लावून मूर्तिजापूर गाठायचं, तेव्हा वेग आपोआपच कमी असे. जून २०२२ मध्ये याच मार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला, गिनीज बुकात नोंद झाली आणि गाड्या नव्वद-शंभरावर पळू लागल्या. रोही मात्र होते तिथेच आहेत. अंधार पडताना कपाशी-तुरीच्या वावरातून ते सरळ रस्त्यावर येतात. कापसाने भरलेली ट्रॉली मागे दिवा नसताना पुढे चाललेली असते. करकचून ब्रेक मारायची वेळ इथे कोणावरही येऊ शकते, चालवणारा कितीही सांभाळून चालवत असला तरी.

माझ्या धाकट्या जावेची मुलगी तेव्हा नुकतीच चार वर्षांची झाली होती. तोवर ती पाच पट्ट्यांच्या सीटमध्ये बसायची. दोन पट्टे खांद्यांवरून, दोन कमरेवरून, एक मांड्यांच्या मधून, आणि सगळे पोटाच्या खाली एका बक्कलात. वाढदिवसाला बूस्टर आला. हा बूस्टर म्हणजे पाठ नसलेली नुसती उंच बैठक. तिच्यावर लेकरू बसवायचं आणि गाडीचाच पट्टा लावायचा. घरात सगळ्यांना बरं वाटलं. सासूबाई तर कधीच्या म्हणत होत्या, “शाळेत जाते ना आता पोरगी, कायले तिले अजून खुर्चीले बांधून ठेवता? मोकळं बसू द्या लेकराले.” जुनी सीट माळ्यावर गेली.

बोरगाव मंजूच्या अलीकडे, दिवेलागणीला, रोही आडवा आला. भाऊजींनी ब्रेक मारला. गाडी कशालाही धडकली नाही, रोही निघून गेला. पण माझ्या शेजारी बसलेली पोर बूस्टरवरून पुढे घसरली. कमरेचा पट्टा मांड्यांवरून वर सरकून पोटात रुतला आणि ती पट्ट्याखालून अर्धी निसटली. खांद्यावरचा पट्टा मानेला काचतो म्हणून तिने तो आधीच काखेखाली घेतलेला होता. अकोल्याला पोचेपर्यंत बेंबीच्या वर लालभडक वळ उमटला. बालरोगतज्ज्ञांनी सोनोग्राफी करवली आणि रात्रभर दवाखान्यात ठेवून घेतलं. आत कुठे मार नव्हता. पण नुसत्या ब्रेकने एवढं झालं, टक्कर झाली असती तर काय, हा विचार त्या रात्री आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यातून गेला नाही.

डॉक्टरांनी तिला काट्यावर उभं केलं. वजन साडेतेरा किलो, उंची ९७ सेंटिमीटर. बूस्टरच्या बुडाशी चिकटवलेल्या नारिंगी चिठ्ठीवर १५ ते ३६ किलो छापलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात चार वर्षांच्या मुलीचं मधलं वजन १६ किलोच्या आसपास आहे. आपल्याकडची पुष्कळ लेकरं त्याच्या खाली असतात आणि तरी धडधाकट असतात. म्हणून ‘चार वर्षांनंतर बूस्टर’ हा कुठून तरी ऐकलेला ठोकताळा आपल्या लेकरांना लावू नका. सीटला वाढदिवस कळत नाही. तिला किलो आणि सेंटिमीटर कळतात. लसीकरणाच्या कार्डावर वजन लिहिलेलं असतं, अंगणवाडीतही वजन करून मिळतं. ते बघा आणि सीटवरची चिठ्ठी बघा.

पट्टा पोटावर का चढतो, हेही समजून घेण्यासारखं आहे. मोठ्या माणसाच्या कमरेच्या हाडाला पुढच्या बाजूने उंचवटे असतात, पट्टा त्यांना अडतो. लहान लेकरांत ते उंचवटे पुरते घडलेले नसतात. त्यातून पाय खाली लोंबकळत असले, की लेकरू गुडघे वाकवायला पुढे सरकून बसतं आणि पट्टा आपोआप मऊ पोटावर येतो. मग झटक्याचा सगळा भार आतड्यांवर आणि मणक्यावर जातो. पाच पट्ट्यांच्या सीटमध्ये तोच भार दोन्ही खांदे आणि कंबर यांच्यात वाटला जातो, आणि मांड्यांमधला पट्टा घसरू देत नाही. मोठ्या सीटवर जाणं म्हणजे लेकराची बढती नव्हे. प्रत्येक बदलात त्याच्याभोवतीचं संरक्षण थोडं कमीच होतं. तो बदल जितका लांबवता येईल तितका लांबवायचा, हे मी आता सगळ्यांना सांगते.

पहिला बदल बाळाचं तोंड मागून पुढे करण्याचा, आणि घाई सगळ्यात जास्त तिथेच होते. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने फार जड असतं आणि मानेचे मणके अजून पुरते जुळलेले नसतात. तोंड गाडीच्या मागच्या बाजूला असलं, की समोरून टक्कर झाल्यावर डोकं, मान, पाठ सगळं एकदम सीटच्या पाठीत दाबलं जातं. अशा सीटची पहिली चाचणी व्हॉल्वोने स्वीडनमध्ये १९६४ साली घेतली, आणि तिथे आजही चार वर्षांपर्यंत लेकरं मागे तोंड करून बसवण्याची शिफारस आहे. युरोपच्या नव्या नियमात १५ महिने ही किमान मर्यादा आहे. तिच्याकडे मुहूर्त म्हणून पाहू नका. बाळाचे पाय दुमडतात, समोरच्या पाठीला टेकतात, यावरून आज्या कळवळतात. पाय टेकणं ही सीट लहान झाल्याची खूण नाही. डोक्याचा माथा सीटच्या वरच्या कडेपासून अडीच सेंटिमीटरवर आला, किंवा चिठ्ठीवरचं वजन ओलांडलं, की तेव्हाच सीट लहान झाली असं समजा. आणि पुढच्या एअरबॅगसमोर मागे तोंड केलेली सीट कधीही ठेवू नका. एअरबॅग उघडली की ती सीटच्या पाठीवरच आदळते.

पुढे तोंड केल्यावर खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीत किंवा किंचित वरून आले पाहिजेत. खांदे सगळ्यात वरच्या खाचेच्या वर गेले, की ही सीटही संपली. पट्टा घट्ट आहे का, हे खांद्यापाशी चिमटीत धरून पाहा. चिमटीत घडी आली तर सैल आहे. थंडीत शाल पट्ट्याच्या खाली नको, बांधून झाल्यावर वरून पांघरा. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीस ओलांडतो. बक्कल उन्हात तापून लेकराला चटका बसतो आणि मग ते बांधून घ्यायलाच तयार होत नाही. गाडी उभी करताना सीटवर पांढरं कापड टाकत जा.

बूस्टर घ्यायचा तो आधी पाठीचा घ्या. नुसती बैठक १२५ सेंटिमीटर उंचीनंतर. बूस्टर सोडायचा तो उंची १४५ च्या आसपास गेल्यावर, आणि तेव्हाही लेकराला बसवून बघून. पाठ टेकलेली असताना गुडघे काठावर वाकतात का, कमरेचा पट्टा मांड्यांवर आणि खांद्याचा खांद्याच्या मधोमध येतो का, आणि झोप लागल्यावरही तसाच राहतो का. पुष्कळ मुलं तोवर सहावी-सातवीत पोचलेली असतात.

कायद्यावर विसंबू नका. १ सप्टेंबर २०१९ पासून मोटार वाहन कायद्याच्या १९४-ब कलमाने १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या सीटमध्ये बांधलेलं नसेल तर हजार रुपये दंड आहे. त्या संध्याकाळी आमची पोर बांधलेलीच होती, दंड झाला नसता.

नातेवाइकांकडून सीट मिळत असेल तर जरूर घ्या, पण आधी दोन गोष्टी विचारा. ती सीट कधी अपघातात होती का, आणि तिच्यावरची चिठ्ठी व मुदतीची तारीख शाबूत आहे का. अपघात सोसलेली सीट बाहेरून धड दिसली तरी घेऊ नका. आमची माळ्यावरची सीट दुसऱ्याच दिवशी खाली आली. सासूबाईंनी स्वतः तिच्यावरची धूळ पुसली, आणि पोरगी अजून तिच्यातच बसते.