मोरचुदातील पाणी

बोर्डो मिश्रणात वापरला जाणारा मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. विरल सल्फ्युरिक आम्लाची तांब्यावर क्रिया होत नाही. म्हणून कोमट विरल आम्लात काळे कॉपर ऑक्साइड थोडे थोडे घालून ढवळावे. ते विरघळेनासे झाले की आम्ल संपले असे समजावे. द्रावण गाळून आटवावे व थंड होऊ द्यावे. निळे स्फटिक मिळतात.

आता २.५० ग्रॅम कोरडे स्फटिक मुशीत मंद आचेवर, वजन कायम होईपर्यंत, तापवा. पांढरी पूड उरते. तिचे वजन १.६० ग्रॅम भरते. म्हणजे ०.९० ग्रॅम पाणी गेले. रेणुभाराने भागून पाहा :

पाणी : ०.९० ÷ १८ = ०.०५
कॉपर सल्फेट : १.६० ÷ १६० = ०.०१

म्हणजेच कॉपर सल्फेटच्या एका रेणूमागे स्फटिकजलाचे पाच रेणू! थंड पुडीवर पाण्याचा थेंब टाका. ती तापते आणि पुन्हा निळी होते. मोरचुदाचा रंग या पाण्यावर अवलंबून आहे.

आच मात्र फार वाढवू नका. पूड काळी पडली, तर कॉपर सल्फेटचेच विघटन होऊन हिशेब चुकेल. मोरचूद विषारी आहे. प्रयोग शिक्षकांसमोर करावा व नंतर हात स्वच्छ धुवावेत.