जुळी डिस्क, जुळी चूक

राजा, जुन्या कॉम्प्युटरचा सर्व्हर केलास, दोन डिस्क लावल्यास आणि फोनवर म्हणालास, “आत्या, आता काही जात नाही.” तुझा उत्साह असाच राहू दे, पण चार गोष्टी कानात घालते.

१. सर्व्हर पोटमाळ्यावरून खाली आण — मे महिन्यात पत्र्याखाली डिस्क भाजून निघतात.

२. दोन डिस्कवर तेच लिहिणारं रेड म्हणजे बॅकअप नव्हे. एक डिस्क मेली तर दुसरी काम चालू ठेवते, एवढंच — फोटोंचा फोल्डर तू चुकून पुसलास तर तो दोन्हींवरून एकदमच जातो. जुळी डिस्क, जुळी चूक.

३. दोन्ही डिस्क एकाच लॉटच्या घेऊ नकोस — बरोबर झिजलेल्या बरोबरच थकतात, आणि एक बदलताना उरलेलीला नवी भरून देण्यासाठी तासन्‌तास राबावं लागतं.

४. प्रती तीन, माध्यमं दोन, त्यातली एक प्रत घराबाहेर. पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकारानं रूढ केलेला हा हिशेब — चोर आला किंवा भिंतीतून पाणी झिरपलं, तर सर्व्हर कुठला नि शेजारची बॅकअप डिस्क कुठली, हे कोणी बघत नाही. बाहेरची प्रत माझ्याकडे ठेव. गणपतीला नि दिवाळीला येतोसच, तेव्हा अदलाबदल करू. एन्क्रिप्ट करून आण हं, गाडीत पिशव्या विसरायची तुझी खोड मला ठाऊक आहे.

५. अदलाबदलीच्या डिस्कवर बॅकअप झाला की ती काढून कपाटात टाक — २०१७ च्या मे महिन्यात आलेल्या वॉनाक्रायसारखं रॅन्समवेअर जोडलेल्या डिस्कही सोडत नाही.

६. रात्री बॅकअप घेणाऱ्या आरसिंकला ‘डिलीट’चा पर्याय लावला असशील, तर स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच मूळ डिस्क माउंट आहे का ते तपासायला लाव. ती माउंट झाली नसेल तर आरसिंकला रिकामा फोल्डर दिसतो — आणि तो बॅकअपही इमानेइतबारे रिकामा करून ठेवतो! शिवाय रोजच्या, आठवड्याच्या, महिन्याच्या जुन्या प्रती वेगळ्या राहू देत — बिघडलेली फाईल कधीकधी तीन आठवड्यांनी लक्षात येते.

७. महिन्यातून एकदा एखादी फाईल परत आणून उघडून बघ. उघडली ती प्रत, बाकी समजूत. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब कंपनीच्या एका इंजिनिअरनं रात्री चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला, आणि मग कळलं की बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही धड चालत नव्हती. रोजचा बॅकअप जुन्या आवृत्तीच्या प्रोग्रॅममुळे अडत होता आणि तसं सांगणाऱ्या ईमेल पोचतच नव्हत्या. वाचवलं ते कोणीतरी सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी काढलेल्या स्नॅपशॉटनं. म्हणून ‘बिघडलं’ एवढाच निरोप मागवू नकोस, ‘झालं’ असाही मागव — निरोप आला नाही की तू बघायला उठशील.

८. यूपीएसची यूएसबी वायर सर्व्हरला जोड आणि एनयूटी हा प्रोग्रॅम बसव — वीज गेली तर बॅटरी संपायच्या आत त्याला नीट बंद होता यावं. राउटर आणि फायबरचा डबाही त्याच यूपीएसवर घे.

९. घरचा डीएनएस सर्व्हरवर चालवतोस ना? मग दुसरा एखाद्या रास्पबेरी पायवर ठेव, आणि दोन्हींचे पत्ते राउटरमध्ये भर — नाहीतर तू अपडेट करायला बसलास की आईची मालिका अडेल, आणि तिच्या बोलण्याला कुठलंच यूपीएस पुरत नाही.

१०. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्या स्मार्टच्या तक्त्यात ५ आणि १९७ या ओळी बघत जा. पहिलीत बदलून घेतलेले सेक्टर, दुसरीत वाचता न आलेले — आकडा वाढायला लागला की नवी डिस्क मागव, जुनी मरायची वाट बघू नकोस.

११. एन्क्रिप्शनचा पासवर्ड कागदावर लिहून आईच्या कपाटात ठेव — सर्व्हरवरच्या फाईलमध्ये ठेवलास तर तो सर्व्हरबरोबरच जाईल.

१२. आणि आजच प्रत्येक डिस्कच्या कडेला तिचा सीरियल नंबर ठळक लिहून चिकटव — मेलेली डिस्क काढताना घाईत हमखास जिवंत उपसली जाते.