हॉर्न सोडून सगळं वाजतं!

प्रश्न : माझी शंभर सीसीची मोटरसायकल जुनी, एमएच 06 पाटीची आहे. मागच्या महिन्यात खारपाड्याकडून चिरनेरला येताना तिचा आवाज बदलला आणि थोड्याच वेळात इंजिन जाम झालं. टेम्पोत घालून गाडी गॅरेजवर आणली. मिस्त्रींनी हेड आणि बोअर उतरवला, तर पिस्टनवर खोल ओरखडे आणि ऑइलच्या नावाने ठणठणाट. तिथे बसलेल्या गाडीवाल्यांना नुसता ऊत आला. एक म्हणाला, "ऑइल बदल, होईल ठीक." दुसरा म्हणाला, "आरसे झकास आहेत, त्यांना नवीन गाडी बसवून घे." तिसऱ्याने महागणपतीला नारळ फोडून थेट शोरूमची वाट धरायला सांगितलं. दुसऱ्याच्या नुकसानीत लोकांना एवढी गंमत का वाटते? आणि असं इंजिन खरंच दुरुस्त होतं का?
— एक वाचक, चिरनेर (ता. उरण)

उत्तर : तुमचं इंजिन दुरुस्त होईल, हे आधी सांगतो. गाडीवाल्यांच्या चेष्टेचं मूळही त्यातच आहे.

गॅरेजवर बसलेल्या माणसांकडे एकदा नीट लक्ष द्या. गाडी ओढत आणलेल्या माणसाला पहिला प्रश्न येतो तो "लागलं नाही ना कुठे?" हा. लागलं असेल, तर कोणी हसत नाही. पाणी येतं, रिक्षा येते. लागलं नाही असं कळलं की मग चेष्टेला तोंड फुटतं. तुम्हाला "ऑइल बदल" म्हणणाऱ्याच्या गाडीचं इंजिनही कधीतरी उघडलं गेलेलं असतं, आणि त्या दिवशी त्यानेही असंच ऐकून घेतलेलं असतं. चेष्टा झाली म्हणजे तुम्ही त्यांच्यातले झालात. मग त्यातलाच एकजण गाडीला किक मारतो आणि तुम्हाला मागे बसवून पनवेलला सामान आणायला नेतो. मला ही रीत फार आवडते. ज्याचं नुकसान झालं त्याला एकटं पडू द्यायचं नाही, यासाठी या लोकांकडे सांत्वनाचे शब्द नसतात. चेष्टा असते, आणि ती पुरते.

शिवाय यांचे विनोद ऐकताना कान उघडे ठेवा, कारण त्यांत यंत्राचं ज्ञान भरलेलं असतं. "हिचा हॉर्न सोडून सगळं वाजतं" हे वाक्य प्रत्येक गॅरेजवर रोज ऐकू येतं. पण काय वाजतं, हे अनुभवी मिस्त्री डोळे मिटून सांगतो. वरून बारीक, शिवणयंत्रासारखी टिकटिक आली, तर टॅपेट ढिले. गाडी जागेवर चालू असताना बाजूने खरखर, तर टायमिंग चेन. सकाळी थंड इंजिनाला खटखट आणि गरम झाल्यावर कमी, तर पिस्टन बोअरमध्ये सैल झालाय. आणि चढावर रेस दिल्यावर पोटातून जड ठकठक येत असेल, तर मिस्त्रीचा चेहरा बदलतो, कारण ते कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग असतं. खात्री करायला तो लांब स्क्रू ड्रायव्हर घेतो, टोक चालू इंजिनाच्या कव्हरला टेकवतो आणि मूठ कानामागच्या हाडाला लावतो. धातूतून आवाज सरळ आत येतो आणि टोक सरकवत सरकवत तो दुखऱ्या जागेवर पोहोचतो. तुमच्या गाडीचा आवाज बदलला तो क्षण असाच होता. तेव्हाच बाजूला घेऊन ऑइलची कांडी बघितली असती, तर काम बऱ्याच कमी खर्चात भागलं असतं.

आता "ऑइल बदल" हा सल्ला. पिस्टन अॅल्युमिनियमचा आणि बोअर बिडाचा असतो. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. दोघांमधली फट मिलिमीटरच्या शंभरांश भागांत मोजायची, आणि त्या फटीत ऑइलचा पातळ थर. इंजिन मिनिटाला 5000 फेरे घेत असेल, तर पिस्टन सेकंदाला ऐंशीहून जास्त वेळा वर-खाली होतो. तुमच्या गाडीत मुळात ऑइल मावतं जेमतेम लिटरभर. ते जळून, गळून संपलं की थर तुटतो, पिस्टन फुगून बोअरला घासतो, त्याचं मऊ अॅल्युमिनियम भिंतीला लिंपलं जातं आणि इंजिन धरतं. म्हणजे जो सल्ला पंधरा दिवस आधी सोन्यासारखा होता, तोच आता विनोद झाला. इंजिन धरलं की मागचं चाक एकदम अडकून गाडी घसरू शकते. त्यामुळे आवाज बदलून गाडीची ओढ अचानक कमी झाली, तर सगळ्यात आधी क्लच दाबा. चाक मोकळं होतं आणि गाडी सरळ बाजूला घेता येते. जेएनपीए बंदराच्या कंटेनर ट्रेलरांची रहदारी असलेल्या आपल्या भागात ही सवय जीव वाचवते.

दुरुस्तीचं म्हणाल, तर तुमचं काम 'हाफ इंजिन'चं दिसतं : हेड, बोअर, पिस्टन, रिंग, व्हॉल्व. खालचा क्रँक आणि रॉड उघडावा लागला, तर 'फुल इंजिन'. ऑइलविना चाललेल्या इंजिनात खालच्या बेअरिंगलाही झळ लागलेली असते, म्हणून रॉड हाताने धरून वर-खाली हलवून बघायला सांगा. बाजूला थोडी हालचाल चालते, उभी अजिबात नको. उभी हालचाल असताना फक्त वरचं काम करून घेतलं, तर दोन महिन्यांत पुन्हा टेम्पो लागेल.

बोअर लेथवाल्याकडे जाईल. इथे एक गोष्ट गाडीमालकांना सहसा माहीत नसते : आधी पिस्टन विकत घ्यायचा आणि मग त्या पिस्टनच्या मापाने बोअर कापायचा. ओव्हरसाइज पिस्टन मूळ मापापेक्षा 0.25, 0.50, 0.75 आणि 1 मिलिमीटर मोठे मिळतात. ओरखडा जेवढा खोल, तेवढी पुढची पायरी. कापून झाल्यावर होनिंग करतात. त्यात बोअरच्या भिंतीवर तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा उमटतात. उजेडासमोर बोअर धरून आत बघा. भिंत आरशासारखी गुळगुळीत दिसली तर काम अपुरं आहे. त्या रेघांमध्येच ऑइल टिकतं आणि नव्या रिंगा तिथेच बसतात. चारही पायऱ्या संपल्या, तर स्लीव्ह बदलून पुन्हा मूळ मापावर येता येतं. एका इंजिनाला एवढे जन्म देऊन ठेवणाऱ्या जुन्या अभियंत्यांबद्दल माझ्या मनात खरोखर कृतज्ञता आहे.

यातून एक गंमत निघते. स्प्लेंडरसारख्या गाडीचा बोअर 50 मिलिमीटर आणि स्ट्रोक 49.5, म्हणजे इंजिन भरतं 97.2 सीसी. 0.75चा बोअर केला की तेच होतं 100.1, आणि 1 मिलिमीटरला 101 सीसीच्या वर. शंभरची म्हणून घेतलेली गाडी तीन दुरुस्त्यांनंतर हिशेबाने शंभरची होते!

रॉड तुटून क्रँककेस फोडून बाहेर आला, तर गॅरेजवर म्हणतात, "इंजिनाला खिडकी पडली, आता हवा खेळेल." तेही आर्गन वेल्डिंगने भरून काढणारे कारागीर आहेत, फक्त बेअरिंगच्या बैठकीला तडा गेलेला नसावा. क्रँककेसच बदलावा लागला, तर लक्षात ठेवा की इंजिन नंबर त्याच्यावर कोरलेला असतो आणि तोच आरसीवर असतो. आरटीओकडून रीतसर नोंद करून घ्या, नाहीतर गाडी विकताना किंवा अपघाताच्या दाव्यात अडकाल.

मोडलेल्या इंजिनावरचा मला माहीत असलेला सगळ्यात मोठ्या मनाचा विनोद न्यूझीलंडमधला आहे. इन्व्हरकार्गिल गावच्या बर्ट मन्रो यांनी 1920 सालची 'इंडियन स्काउट' मोटरसायकल (नाव इंडियन, कंपनी अमेरिकन) उभा जन्म सुधारत नेली. पिस्टन ते स्वतः ओतायचे. ते फुटायचे, रॉड तुटायचे, आणि हे सगळे भग्न अवशेष त्यांनी शेडमधल्या फळीवर मांडून ठेवले होते. फळीवर लिहिलं होतं की हा वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य आहे. उरणच्या माणसाला मिठागर सांगायला नको, पण अमेरिकेतलं बॉनव्हिल म्हणजे मैलोन् मैल वाळलेलं, सपाट मीठ. तिथे 1967 साली, वयाच्या 68व्या वर्षी, मन्रोंनी त्याच जुन्या गाडीवर ताशी 295 किलोमीटरहून अधिक वेगाने 1000 सीसीखालच्या गटाचा विक्रम केला. आपल्याकडचा चांगला मिस्त्रीही जुना पिस्टन आणि रिंगा पिशवीत घालून मालकाच्या हातात देतो. ती पिशवी मागून घ्या. सामान खरोखर बदललं याची खूण तीच.

एक काळजी मात्र मला वाटते. नव्या गाड्यांच्या काही इंजिनांत बिडाची भिंत नसते. चाकणला बनणाऱ्या केटीएम 390 ड्यूकच्या सिलिंडरला आतून निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा अतिशय कठीण लेप असतो. तो झिजतो कमी, पण एकदा खोल ओरखडला की साध्या लेथवर कापून मोठा करता येत नाही. पूर्ण सिलिंडर-पिस्टन बदला, किंवा लेप नव्याने चढवणारं मोजकं ठिकाण शोधा. वेग आणि टिकाऊपणा यांसाठी हे ठीक असेल. पण गावातल्या लेथवाल्याच्या हातून हे काम निसटतंय, त्याचं मला वाईट वाटतं.

तुमच्या गाडीचं काम झालं की पहिले 500 किलोमीटर सबुरीने चालवा. फार रेस नको, मागे दोन माणसं नकोत, चढावर खालच्या गिअरमध्ये या. त्यानंतर लगेच ऑइल बदला, कारण नव्या रिंगा बसतानाचा धातूचा बारीक चुरा त्यात उतरलेला असतो.

प्रश्न : गाडी पुराच्या पाण्यात बुडाली तर किक मारू नये म्हणतात. का? किक मारली तरच कळेल ना चालू होते की नाही?
— एक वाचक, उरण

उत्तर : हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर ढकलला की तो मध्येच अडतो आणि सगळा जोर रॉडवर येतो. पायाच्या किकने रॉड वाचेलही, पण स्टार्टर मारून किंवा उतारावर गिअर टाकून गाडी चालू करू गेलात, तर तो वाकतो. वाकलेला रॉड बाहेरून दिसत नाही. गाडी चालू होते आणि काही दिवसांनी रॉड तुटून खिडकी पाडतो. 26 जुलै 2005च्या मुंबईतल्या पावसानंतर आणि जुलै 2021मध्ये महाड-चिपळूणच्या पुरानंतर गॅरेजांपुढे गाड्यांच्या रांगा होत्या, त्यात घाईने किक मारून बिघडवलेल्याही होत्या.

आधी बॅटरीची वायर काढा. मग प्लग काढून किक हाताने हळूहळू दाबा. प्लगच्या भोकातून पाणी उडून जातं. ऑइल एका भांड्यात सोडा. दुधाळ, चहाच्या रंगाचं निघालं तर त्यात पाणी शिरलंय. नवं घालून थोडा वेळ इंजिन चालवून तेही काढून टाका. मात्र इंजिन चालवण्याआधी एअर फिल्टर, कार्ब्युरेटर आणि टाकी रिकामी करून सुकवा. विमा असेल, तर गाडी आहे त्या स्थितीत फोटो काढून आधी कंपनीला कळवा. पाण्यात बुडलेलं इंजिन चालू करू गेल्यामुळे झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत बहुधा धरत नाहीत. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते.