अहमदनगरची सात प्रश्नचिन्हं

प्रश्न : वडिलांच्या दूध संकलन केंद्रासाठी मी पीएचपी आणि मायएसक्यूएलमध्ये नोंदवही तयार केली आहे. लिटर, फॅट, एसएनएफ सगळं बरोबर उतरतं. मराठी नावं मात्र घरच्या संगणकावर नीट दिसतात आणि होस्टिंगवर चढवली की प्रश्नचिन्हं होतात. 'अहमदनगर'च्या जागी दर वेळी सात प्रश्नचिन्हं येतात. सातच का? आणि नावं परत मिळतील का? (संगमनेर)

उत्तर : तुम्ही चिन्हं मोजलीत, तिथेच अर्धं निदान झालं. अ, ह, म, द, न, ग, र अशी या नावात सात अक्षरं आहेत. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे हे नाव एकूण २१ बाइटचं. डेटाबेसनं बाइटच चुकीचे वाचले असते, तर डोक्यावर स्वरचिन्हं असलेल्या रोमन अक्षरांची २१ जागांची खिचडी दिसली असती. सात प्रश्नचिन्हं आली याचा अर्थ डेटाबेसनं अक्षरं सात आहेत हे ओळखलं, पण ती ज्या अक्षरसंचात बसवायला सांगितली होती त्यात देवनागरीच नव्हती. म्हणून त्यानं प्रत्येक अक्षरामागे एक प्रश्नचिन्ह ठेवलं. इंग्रजी आकडे त्या संचातही असतात, त्यामुळे फॅट आणि एसएनएफ सुखरूप राहिले.

तो संच बहुधा 'लॅटिन१' असणार. २०१८ साली मायएसक्यूएलची ८.० ही आवृत्ती आली. तिच्या आधी, तक्ता बनवताना संच सांगितला नाही की लॅटिन१ गृहीत धरला जायचा. ८.० पासून 'यूटीएफ८एमबी४' गृहीत धरतात. घरचा सर्व्हर नवा आणि होस्टिंगवरचा जुना असेल, तर तोच कोड दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी वागतो. कडक नियम चालू असलेला सर्व्हर अशा वेळी मजकूर घ्यायलाच नकार देतो आणि चूक दाखवतो. नव्या माणसाला त्या लाल ओळीची धास्ती वाटते, पण तीच आपली नावं वाचवते.

आता नावं परत मिळण्याविषयी. अक्षरं लिहिताना हरवली की वाचताना, हे आधी पाहायला हवं. पडद्यावर विश्वास ठेवू नका, साठवलेले बाइट पाहा. त्यासाठी 'हेक्स' हे फंक्शन आहे. सिलेक्टमध्ये गावाचा रकाना हेक्सच्या कंसात घाला. उत्तर 'ई०ए४८५' असं सुरू झालं तर तो आपला 'अ' आहे. नाव जागेवर आहे, फक्त जोडणीचा संच चुकला आहे. 'सी३ए०' अशी सुरुवात दिसली तर मजकूर दोनदा रूपांतरित झाला आहे. तो उलगडून पूर्वपदावर आणता येतो, पण आधी बॅकअप घ्या. '३एफ३एफ३एफ' दिसलं तर तिथे खरोखर प्रश्नचिन्हंच साठली आहेत. ती नावं गेली. जुन्या बॅकअपमधून किंवा कागदी वहीतूनच पुन्हा भरावी लागतील.

पुढे असं होऊ नये म्हणून तीन जागी एकच संच हवा. तक्ते यूटीएफ८एमबी४मध्ये आणा. पीएचपीतून जोडणी करताना तोच संच सांगा : मायएसक्यूएलआयमध्ये 'सेट कॅरसेट' वापरून, पीडीओत जोडणीच्याच ओळीत. पानाच्या मथळ्यात यूटीएफ-८ लिहा. बहुतेक वेळा मधली पायरी राहून जाते.

मायएसक्यूएलमधल्या नुसत्या 'यूटीएफ८' या नावावर मात्र जाऊ नका. त्यात एका चिन्हाला जास्तीत जास्त ३ बाइट मिळतात. देवनागरी त्यात बसते, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं. पण युनिकोडमध्ये २०१४ साली आलेल्या मोडी लिपीच्या अक्षराला ४ बाइट लागतात, बहुतेक इमोजींनाही तेवढेच. उद्या कुणी जुन्या मोडी कागदातला मजकूर मोडीतच तुमच्या तक्त्यात ठेवायला गेलं, तर ते पहिल्याच अक्षराला अडेल.

जाता जाता, नाव कापून दाखवायचं असेल तर साधं 'सबस्ट्र' वापरू नका. ते बाइट मोजतं. 'राहुरी' आपल्या डोळ्याला तीन अक्षरं, युनिकोडच्या हिशेबी सहा चिन्हं आणि बाइट १८. मध्येच कापलं की शेवटी फुटकं चिन्ह येतं. 'एमबी' हा उपसर्ग असलेली फंक्शनं निदान चिन्ह तरी फोडत नाहीत.

प्रश्न : गावच्या आरोग्य शिबिरासाठी नोंदणीचा फॉर्म केला. सगळ्यांची नावं वेगवेगळी आली, पण मोबाइल क्रमांक प्रत्येकाचा २१४७४८३६४७! फॉर्ममध्ये तर प्रत्येकानं स्वतःचाच भरला होता. (पारनेर)

उत्तर : तुम्ही रकान्याचा प्रकार 'इंट' ठेवला आहे. इंटला ४ बाइटची जागा असते आणि तिचा अर्धा पल्ला ऋण संख्यांसाठी राखलेला असतो. त्यामुळे त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या २१४,७४,८३,६४७. आपले मोबाइल क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ नं सुरू होतात. संख्या म्हणून पाहिलं तर सर्वांत लहान क्रमांकही ६०० कोटींचा. एकही त्या मापात मावत नाही. नियम ढिले असलेला सर्व्हर मग माप शिगोशिग भरतो आणि उरलेलं सांडून देतो. शिबिराचे ते क्रमांक परत मिळणार नाहीत, पुन्हा विचारावे लागतील.

'बिगइंट' केलं तर हा प्रश्न सुटेल, पण दुसरा उभा राहील. नगरचा दूरध्वनी संकेतांक ०२४१ आहे. संख्येच्या रकान्यात त्यातलं पुढचं शून्य गळून २४१ उरतं. म्हणून रकान्याचा प्रकार ठरवताना स्वतःला विचारा : याची बेरीज किंवा सरासरी मी कधी काढणार आहे का? दोन मोबाइल क्रमांकांची बेरीज कुणी करत नाही. तो आकड्यांत लिहिलेला मजकूर आहे, त्याला 'व्हारकॅर' द्या. पैशांची बेरीज होते, तिथे 'डेसिमल' द्या. 'फ्लोट' नको, कारण त्यात ०.१ सारखा अपूर्णांकही अचूक साठत नाही आणि महिनाअखेरीला हिशेब पैशांनी हलतो.

प्रश्न : जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झाल्यावर आमच्या संस्थेच्या सभासद यादीत मी 'नगर'च्या जागी 'अहिल्यानगर' घालणारी एक ओळ चालवली. आता पत्त्यांत 'प्रवराअहिल्यानगर' आणि 'छत्रपती संभाजीअहिल्यानगर' आलं आहे. काय करू? (जामखेड)

उत्तर : आधी थांबा. उलट 'रिप्लेस' चालवू नका. त्यानं 'प्रवरानगर' जागेवर येईल, पण ती ओळ चालवल्यानंतर जिथे 'अहिल्यानगर' नव्यानं लिहिलं असेल तिथेही नुसतं 'नगर' उरेल. बॅकअप असेल तर तिथूनच सुरुवात करा.

अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव चौंडी तुमच्याच तालुक्यात आहे, तेव्हा या बदलाची उत्सुकता तुमच्याकडे जास्त असणार हे समजतं. राज्य मंत्रिमंडळानं मार्च २०२४ मध्ये नामांतराला मंजुरी दिली, केंद्राची संमती त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आली. तेव्हा ज्यांच्या तक्त्यात जिल्ह्याचं नाव प्रत्येक सभासदासमोर अक्षरी लिहिलेलं होतं, त्या सगळ्यांपुढे तुमचाच प्रश्न उभा राहिला. शिवाय अक्षरी लिहिलं की 'अहमदनगर', 'अ.नगर', 'नगर', 'अहमद नगर' अशी एकाच जिल्ह्याची चार रूपं होतात आणि शोध घेताना प्रत्येक वेळी तीन निसटतात.

रस्त्यावर पाहा. जिल्ह्याचं नाव बदललं तरी गाड्यांवरची एमएच १६ ही पाटी तशीच राहिली. कारण ती नावावर नाही, संकेतांकावर उभी आहे. तुमच्या तक्त्यातही तेच करा. जिल्ह्यांचा वेगळा तक्ता काढा, प्रत्येकाला एक क्रमांक द्या आणि सभासदासमोर फक्त तो क्रमांक ठेवा. तसंच १४ तालुक्यांचं करा. मात्र गाडीचाच संकेतांक उचलू नका. श्रीरामपूरची एमएच १७ याच जिल्ह्यातली आहे, म्हणजे एका जिल्ह्याला दोन संकेतांक झाले. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याला ५२२ क्रमांक होता, तो संदर्भासाठी शेजारी ठेवा. ओळखीचा क्रमांक मात्र स्वतःचा असू द्या, म्हणजे बाहेर कुणी काही बदललं तरी तुमची जोडणी तुटणार नाही.

दोन ठिकाणी जुनं नाव तसंच राहायला हवं. 'अहमदनगर कॉलेज' हे १९४७ साली स्थापन झालेल्या संस्थेचं नाव आहे, पत्ता नव्हे. सभासदाच्या शिक्षणाच्या रकान्यात ते बदललं तर ते त्याच्या प्रमाणपत्राशी जुळणार नाही. आणि २०१९ ची पावती पुन्हा छापली तर तिच्यावर २०१९ चंच नाव यायला हवं. त्यासाठी जिल्ह्याच्या तक्त्यात प्रत्येक नावासमोर ते कधीपासून लागू झालं ती तारीख ठेवा.

पुढची अपडेट चालवण्याआधी बॅकअप घ्या. अपडेटमधली 'व्हेअर'ची अट जशीच्या तशी सिलेक्टला लावून किती ओळी येतात ते मोजा आणि त्यातल्या दहा-बारा डोळ्यांनी वाचा. मग ट्रान्झॅक्शन सुरू करून अपडेट द्या. बदललेल्या ओळींचा आकडा आधीच्या मोजणीशी जुळला तरच 'कमिट', नाहीतर 'रोलबॅक'.

हे काम दोन संध्याकाळी घेईल, पण एकदाच करावं लागेल. त्यानंतर नावाची नवी नोंद फक्त जिल्ह्यांच्या तक्त्यात होईल, एका ओळीत, आणि सभासदांच्या यादीला तुम्हाला हात लावावा लागणार नाही. प्रवरानगर प्रवरानगरच राहील.