आधी गिऱ्हाईक, मग करार

अमेरिकेत ‘होलसेलिंग’ करणारा माणूस घर विकत घेत नाही. पडझड झालेल्या घराच्या मालकाशी तो साठेखतासारखा करार करतो, थोडा इसार भरतो आणि क्लोजिंगच्या (खरेदीखत होण्याच्या) आत तो करार गुंतवणूकदाराच्या नावे करून मधली रक्कम घेतो. यात हात पोळणारे बहुधा क्रम चुकतात, असं माझं मत आहे. ते करार खिशात पडल्यावर गिऱ्हाईक शोधायला निघतात. डॅलसच्या मराठी मंडळींची पहिली धाव तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत. प्लेनो-फ्रिस्कोतले नोकरदार मित्र उत्साह दाखवतातही. पण त्यांना बँकेचं कर्ज लागणार, त्यात महिना-दीड महिना जाणार आणि गळक्या छपराच्या घरावर बँक बहुधा कर्ज देणारच नाही. (एच-वन-बी व्हिसावर असाल, तर हा उद्योग मुळात करता येतो का, हे आधी वकिलाला विचारा.)

खरा खरेदीदार काउंटी क्लार्कच्या दप्तरात सापडतो. टेक्सासमध्ये विक्रीची किंमत जाहीर करणं बंधनकारक नसल्यामुळे घर कितीला गेलं ते तिथे कळत नाही. कोणी, कुठे, केव्हा घेतलं ते मात्र कळतं. ज्या भागात काम करायचं, तिथली एलएलसीच्या नावे झालेली अलीकडची खरेदीखतं काढावीत. सोबत ‘डीड ऑफ ट्रस्ट’ (कर्जाचं गहाणखत) नोंदलेलं नसेल, तर व्यवहार बहुतेक रोखीचा. नोंदलेलं असेल आणि कर्ज ‘हार्ड मनी’वाल्याचं, म्हणजे थोड्या मुदतीचं महाग कर्ज देणाऱ्या खासगी सावकाराचं असेल, तर घेणारा बहुधा दुरुस्ती करून विकणारा फ्लिपर. एकच नाव दोन-तीनदा आलं की फोन करावा, पण घर खपवायला नव्हे. कोणती गल्ली नको, भाड्याने देता की विकता, पायाचं काम अंगावर घेता का, हे विचारावं. डॅलसच्या चिकणमातीत घरांचे पाये हलतात. तेवढ्या एका उत्तरावर अर्धी घरं यादीतून गळतात.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की भाव चांगला असला की गिऱ्हाईक आपोआप येतं. येतं, पण भाव चांगला ठरतो तो त्याच्या हिशेबाने. फ्लिपर साधारणपणे दुरुस्तीनंतरच्या किमतीच्या ७० टक्क्यांपासून हिशेब धरतो. दुरुस्तीनंतर ३,००,००० डॉलरला जाणाऱ्या घराचे ७० टक्के म्हणजे २,१०,०००. त्यातून दुरुस्तीचे ५०,००० वजा केले की फ्लिपरची मर्यादा १,६०,०००. आपले १०,००० धरले, तर मालकाला १,५०,००० पेक्षा जास्त बोलता येत नाही. दुरुस्ती आपण ३०,००० धरली असेल, तर आपली कमाई तर जातेच, वर करारही कुणी घेत नाही. हे आकडे करारावर सही करण्याआधी खरेदीदाराकडूनच कळू शकतात.

दुसरा आक्षेप जास्त धूर्त आहे: ऑप्शन पीरियडमध्ये, म्हणजे फी भरून घेतलेल्या मुदतीत, करार सोडता येतो, मग बिघडलं कुठे? एक तर कायद्याचा सूर अलीकडे कडक होतो आहे. टेक्सासमध्ये २०१७ पासून आपण घराचे मालक नसून करारातला हक्क विकतो आहोत, हे खरेदीदाराला सांगावं लागतं; इलिनॉयमध्ये बारा महिन्यांत एकाहून जास्त असे व्यवहार करायला परवाना लागतो. पण माझा मुद्दा मालकाचा आहे. हप्ते थकलेल्या घराचा लिलाव टेक्सासमध्ये महिन्याच्या पहिल्या मंगळवारी होतो आणि त्याची नोटीस किमान २१ दिवस आधी दिली की पुरते. अशा माणसाचा करार नोटिशीनंतर दहाव्या दिवशी ‘गिऱ्हाईक मिळालं नाही’ म्हणून सोडला, तर आपली ऑप्शन फी जाते. त्याच्याकडे लिलावाला उरतात अकरा दिवस.