पायाचे कुरूप आणि गोड गोळ्या

आबा लंगडत पारावर आले. तात्यांनी विचारले, "आबा, पायाला काय झालं?"

"कुरूप झालंय. पाय टेकला की खडा रुतल्यासारखं दुखतं. घरी जाऊन ब्लेडनं कापून टाकतो."

"कापू नका. होमिओपॅथीच्या गोड गोळ्या घ्या. माझं कुरूप त्यांनीच गेलं."

शेजारी नर्सबाई उभ्या होत्या. त्यांनी विचारले, "तात्या, तेव्हा चप्पल तीच होती का?"

"नाही. जुनी टोचायची. म्हणून नवी घेतली."

"मग कुरूप गोळ्यांनी गेलं, की चप्पल बदलल्यानं?"

तात्या विचारात पडले.

नर्सबाई म्हणाल्या, "कुदळ धरून हाताला घट्टे पडतात ना? तसंच हे. एकाच जागी दाब पडला, घासलं, की कातडी जाड होते. मधे कडक खुंटी तयार होते. ती आत रुतते. दाब गेला की कुरूप हळूहळू जातं. दाब राहिला, तर कापलं तरी पुन्हा येतं."

"आणि गोळ्या?" आबांनी विचारले.

"जर्मनीतल्या हानेमान नावाच्या डॉक्टरांनी १७९६ साली ही पद्धत मांडली. कुरुपाला बहुधा अँटिमोनियम क्रूडम देतात. एक भाग औषध, नव्व्याण्णव भाग दुसरा पदार्थ, असं ते पातळ करतात. असं ३० वेळा केलं की मूळ औषधाचा कणही उरत नाही. २०१५ साली ऑस्ट्रेलियातल्या सरकारी वैद्यक परिषदेनं पुष्कळ प्रयोग तपासले. कोणत्याही आजारावर या औषधांचा गुण येतो, असा भरवशाचा पुरावा मिळाला नाही."

"मग आता काय करू?"

"आधी वहाण दाखवा."

आबांनी वहाण उलटसुलट केली. आत एका खिळ्याचे डोके वर आले होते. ते बरोबर कुरुपाखाली येत होते!

नर्सबाई म्हणाल्या, "खिळा ठोकून घ्या. पण आबा, तुम्हाला मधुमेह आहे. अशा पायाला जखम झालेली कळत नाही. ती लवकर भरत नाही. ती चिघळली, तर पाय कापायची पाळी येते. तुम्ही ब्लेड लावू नका. कुरुपाची पट्टीही लावू नका. तिच्यात कातडी जाळणारं औषध असतं. उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चला."

आबांनी ब्लेडचा विचार सोडला.

लक्षात ठेवा

१. पायाला टोचणारी वहाण बदला किंवा नीट करून घ्या.
२. मधुमेह नसेल, तर कोमट पाण्यात दहा मिनिटे पाय बुडवा. मग वजरीने हलके घासा. खोबरेल तेल लावा.
३. ब्लेडने कापू नका.
४. मधुमेह असेल, पाय बधिर असेल, किंवा कुरूप लाल होऊन पू आला असेल, तर लगेच डॉक्टरांकडे जा.

सांगा पाहू

१. तात्यांचे कुरूप कशाने गेले असेल?
२. आबांनी ब्लेड का लावू नये?
३. तुमची वहाण आतून हाताने चाचपून पाहा. काय सापडले?